कुंपणाच्या दोन बाजू : ज्यूंना वाचवणाऱ्या ज्यूंच्या सन्मानाचे प्रकरण

अ‍ॅमस्टरडॅमच्या प्लांटाझे मिडनलान या रस्त्यावर 1943 साली तीन इमारती एकमेकींशी अदृश्य धाग्याने बांधल्या गेल्या होत्या. पहिली इमारत म्हणजे होलांडसे स्खाउबुर्ख हे जुने नाट्यगृह. जर्मनांनी 1942 च्या उन्हाळ्यापासून ते ज्यूंना डांबून ठेवण्यासाठी वापरायला घेतले होते आणि पुढील सव्वा वर्षात 46 हजारांच्या आसपास माणसे तिथून वेस्टरबोर्क छावणीकडे आणि बहुतेक तिथून पुढे पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे रवाना झाली. नाट्यगृहात रडणारी मुले नकोत म्हणून लहानग्यांना आईबापांपासून वेगळे काढून रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवले जाई. ही दुसरी इमारत. या पाळणाघराला लागूनच प्रॉटेस्टंट पंथाचे एक अध्यापक विद्यालय होते, आणि दोन्ही इमारतींच्या मागच्या बागांमध्ये फक्त झुडपांचे एक कुंपण होते.

नाट्यगृहाचा कारभार वाल्टर झ्युसकिंट यांच्याकडे होता. ते मूळचे जर्मनीतले ज्यू, 1938 साली नेदरलँड्समध्ये आश्रयाला आलेले, आणि जर्मनांच्या हुकमाने स्थापन झालेल्या ज्यू परिषदेने त्यांना या कामावर नेमले होते. जर्मन अधिकाऱ्यांची भाषा त्यांची मातृभाषाच होती. हद्दपारीचे काम पाहणारा, एसएस या नाझी निमलष्करी दलाचा अधिकारी फर्डिनांड आउस देर फ्युन्टन याच्याशी त्यांनी मुद्दाम सलगी वाढवली. त्या सलगीच्या आडोशाने झ्युसकिंट आणि त्यांचे सहकारी फेलिक्स हाल्वरस्टाट नोंदवहीतून एकेका मुलाचे नाव गाळत असत, म्हणजे मूल कागदावरून आधी नाहीसे होई आणि पाळणाघरातून नंतर. पाळणाघराच्या संचालिका हेन्रिएट पिमेंटेल आणि त्यांच्या हाताखालच्या, जेमतेम विशीत आलेल्या ज्यू मुली हे दुसरे काम करीत. आधी नाट्यगृहात जाऊन आईबापांची संमती घ्यायची. मूल तान्हे असेल, तर आईने गाडीत चढताना दुपट्यात गुंडाळलेली बाहुली छातीशी धरायची, म्हणजे पहारेकऱ्याच्या हिशेबात चूक दिसत नसे. मग ते बाळ कुंपणावरून अध्यापक विद्यालयाच्या बागेत दिले जाई आणि तिथून विद्यार्थ्यांच्या गुप्त गटांतील कोणीतरी त्याला पिशवीत, कपड्यांच्या टोपलीत, कधी बटाट्याच्या पोत्यात घालून बाहेर काढी. चालती मुले पुढच्या दारानेही निघत, पण त्यासाठी नऊ क्रमांकाची ट्राम यावी लागे. ट्राम नाट्यगृह आणि पाळणाघर यांच्या मधून जाऊ लागली की पहारेकऱ्यांना पलीकडचे काही क्षण दिसत नसे. तेवढ्यात मुलाचा हात धरून ट्रामच्या आडोशाने चालायचे आणि पुढच्या थांब्यावर आत चढायचे. अशा रीतीने सुमारे 600 मुले वाचली.

अध्यापक विद्यालयाचे प्रमुख योहान फान हुल्स्ट हे ख्रिस्ती होते. सप्टेंबर 1943 च्या अखेरीस पाळणाघर रिकामे करण्याची वेळ आली, तेव्हा उरलेल्या मुलांमधून सोबत नेण्यासारखी निवडण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला आणि ते बारा मुलांना घेऊन बाहेर पडले. तो दिवस आयुष्यातला सर्वांत कठीण होता, असे ते शंभरी ओलांडल्यावरही सांगत असत. इस्रायलच्या याद वाशेम या स्मारक-संस्थेने 1972 साली त्यांचा गौरव केला, आणि तो सर्वार्थाने रास्त होता. कुंपणाच्या अलीकडच्या बाजूने बाळ उचलून देणाऱ्या पिमेंटेल यांना जुलै 1943 मध्ये पकडण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये आउश्वित्झमध्ये ठार मारण्यात आले. त्या तेव्हा 67 वर्षांच्या होत्या. झ्युसकिंट यांना 1944 साली पत्नी व मुलीसह हद्दपार केले गेले. त्या दोघी आउश्वित्झमध्ये मारल्या गेल्या आणि ते स्वतः 1945 च्या सुरुवातीला मरण पावले. या दोघांना तो गौरव मिळालेला नाही, आणि मिळूही शकत नाही, कारण ते ज्यू होते.

प्रस्तुत प्रकरण या एका वाक्यातून निर्माण झालेले आहे. ज्यूंना वाचवणाऱ्या ज्यूंचा सन्मान कोणी करायचा, कोणत्या कसोटीवर करायचा आणि तो इतकी वर्षे का झाला नाही, या प्रश्नांना ब्नाय ब्रिथ या ज्यू सेवासंस्थेने 2011 पासून एका सन्मानपत्राच्या रूपाने दिलेले उत्तर येथे तपासायचे आहे.

कायदा काय म्हणतो

इस्रायलच्या संसदेने 1953 साली केलेल्या कायद्याने याद वाशेमची स्थापना झाली. या संस्थेने कोणाकोणाचे स्मरण करावे याची यादी कायद्याच्या आरंभीच दिलेली आहे. तीत मारली गेलेली साठ लाख माणसे आहेत, उद्ध्वस्त झालेली कुटुंबे व गावे आहेत, ज्यू सैनिक आणि भूमिगत लढवय्ये आहेत, वेढ्यातल्या वस्त्यांमध्ये उठाव करणारे आहेत, आणि यादीच्या शेवटी, ज्यूंना वाचवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणारे बिगर-ज्यू लोक आहेत. या शेवटच्या कलमाच्या आधारे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हसिदेई उमोत हाओलाम’ ही पदवी देण्यास प्रारंभ झाला. मराठीत तिला ‘परकीयांतील पुण्यवंत’ म्हणता येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील आयोग प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासतो. वाचवणाऱ्याने जीव किंवा स्वातंत्र्य पणाला लावलेले असावे, त्याने मोबदल्यासाठी हे केलेले नसावे आणि वाचलेल्याची साक्ष किंवा कागदोपत्री पुरावा असावा, या अटी आहेत. आजवर 28 हजारांहून अधिक लोकांना ही पदवी मिळाली असून त्यांपैकी सुमारे 6,000 एकट्या नेदरलँड्सचे आहेत. हा आकडा पाहताना ध्यानात ठेवायला हवे की त्याच देशातील सुमारे 1 लाख 40 हजार ज्यूंपैकी 1 लाख 2 हजारांच्या आसपास मारले गेले.

ज्यूंना या पदवीतून वगळण्यामागचा युक्तिवाद वरवरचा नाही. बिगर-ज्यू माणसापुढे पर्याय होता. त्याने दार लावून घेतले असते, तर त्याला कोणी शिक्षा केली नसती. असे असताना त्याने दार उघडले, म्हणून त्याचे ऋण मान्य करायचे. ज्यू माणसाने ज्यू माणसाला वाचवणे हे मात्र धर्माने आणि नात्याने त्याच्यावर आलेले कर्तव्य आहे, कारण सर्व इस्रायल, म्हणजे सर्व ज्यू लोक, एकमेकांना जामीन आहे, असे परंपरेचे वचन आहे. मराठी घरात वाढलेल्या वाचकाला हा विचार परका वाटणार नाही. आपल्याकडेही घरच्या माणसाचे आभार मानायचे नसतात. काकूने रात्रभर उशाशी बसून शुश्रूषा केली आणि सकाळी कोणी तिला ‘आभारी आहे’ म्हटले, तर तिला ते लागते. आभार परक्याचे मानायचे असतात. तेव्हा याद वाशेमची पदवी मुळात बाहेरच्या जगाला उद्देशून मानलेले आभार आहेत, हे समजून घेतले तर तिच्यात ज्यूंचा समावेश नसणे सुसंगतच ठरते.

अडचण निर्माण होते ती पुढे. आभार मानायचे नसले, तरी काकूने काय केले हे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. इथे ते सांगणेही फारसे झाले नाही. जी पदवी आभारासाठी निर्माण झाली तीच पुढे शाळांमधून, संग्रहालयांतून आणि चित्रपटांतून ‘बचाव’ या कल्पनेचे एकमेव रूप होऊन बसली. परिणामी सर्वसाधारण माणसाच्या मनात चित्र उरले ते असे, की वाचवणारा तो ख्रिस्ती शेजारी आणि वाचणारा तो असहाय ज्यू. प्लांटाझे मिडनलानवर घडलेले पाहता हे चित्र अर्धे आहे, आणि निम्म्याहून अधिक जोखीम ज्यांनी उचलली त्यांना वगळून काढलेले आहे.

मौनाची आणखी दोन कारणे

इस्रायलमध्ये ज्यूंच्या संहाराचा जो वार्षिक स्मरणदिन पाळला जातो त्याचे पूर्ण नाव ‘शोआ आणि गव्हुरा यांचा स्मृतिदिन’ असे आहे. शोआ म्हणजे संहार आणि गव्हुरा म्हणजे पराक्रम. हिब्रू पंचांगातील निसान महिन्याची 27 तारीख त्यासाठी 1951 साली ठरवली गेली, ती वॉर्सामधल्या वेढलेल्या ज्यू वस्तीतील उठावाची आठवण मनात धरून. नुकत्याच युद्धातून जन्मलेल्या राष्ट्राला पराक्रम म्हणजे हाती शस्त्र, एवढाच अर्थ त्या काळी जवळचा होता. खोटे शिधापत्रक छापणे, नोंदवहीतले पान बदलणे, सात वर्षांच्या मुलाला नवे नाव पाठ करून घेणे, सीमेवरच्या वाटाड्याला पैसे पोचवणे, ही कामे पराक्रमाच्या व्याख्येत बसेनात, आणि बिगर-ज्यूंसाठीच्या पदवीतही बसेनात. दोन्ही यादींच्या मधल्या फटीत ही माणसे पडली.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. ज्यू परिषदांशी किंवा जर्मन अधिकाऱ्यांशी संबंध ठेवल्याशिवाय मोठ्या प्रमाणावर बचाव करणे बहुधा शक्यच नव्हते, आणि हा संबंध युद्धानंतर संशयाचा विषय झाला. हंगेरीतील बचाव समितीचे रेझ्यो कास्टनर यांच्यासंबंधीचा खटला इस्रायलमध्ये 1954 साली सुरू झाला. कागदावर तो कास्टनर यांची बदनामी केल्याबद्दलचा होता, पण प्रत्यक्षात आरोपीच्या पिंजऱ्यात कास्टनरच उभे असल्यासारखे झाले आणि 1955 मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्यावर अत्यंत कठोर ताशेरे ओढले. मार्च 1957 मध्ये तेल अवीवमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व त्यांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकालाचा बहुतांश भाग रद्द केला तो त्यानंतर, जानेवारी 1958 मध्ये. या प्रकरणानंतर ‘मी अमुक अधिकाऱ्याशी बोलून अमुक माणसे सोडवली’ असे जाहीरपणे सांगण्याची हिंमत कितीजणांना झाली असेल, याची कल्पना करता येते.

हाइम रूट आणि त्यांची समिती

या मौनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव हाइम रूट. 1932 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये जन्मलेल्या रूट यांना 1943 साली नेदरलँड्सच्या ईशान्येकडील ड्रेन्थ प्रांतातल्या न्यूलांदे या लहानशा गावात लपवण्यात आले. या गावाची गोष्ट स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. शेतकरी योहानस पोस्ट यांच्या पुढाकाराने तिथे घराघरांतून ज्यू लपवले जात होते. पोस्ट यांना जुलै 1944 मध्ये गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांच्या हाताखाली काम सुरू केलेल्या आर्नोल्ड डाउवेस यांनी लपणाऱ्यांसाठी घरे शोधण्याचे काम एवढे वाढवले की शेकडो ज्यूंना त्यातून आसरा मिळाला आणि त्यांत शंभराच्या आसपास मुले होती. डाउवेस हे पाद्र्याचे चिरंजीव. त्यांच्याबरोबर सायकलवरून गावोगाव फिरणारा, शेतकऱ्यांच्या दारात उभा राहून ‘दोन दिवसांपुरते ठेवा’ अशी गळ घालणारा, रात्री मुलांना स्टेशनवरून आणणारा जोडीदार होता माक्स लेओन्स, टोपणनाव ‘निको’. निको स्वतः ज्यू होता आणि त्याच गावात लपलेला होता. पकडले गेले असते तर डाउवेस यांना तुरुंग किंवा गोळी होती; लेओन्स यांना पकडण्यासाठी कोणताही गुन्हा सिद्ध करण्याची आवश्यकताच नव्हती.

डाउवेस यांना 1960 च्या दशकातच पुण्यवंतांची पदवी मिळाली. न्यूलांदे गावाचाही सामूहिक गौरव झाला. असा मान मिळालेले युरोपातील दुसरे गाव म्हणजे फ्रान्समधील ल शाँबों. लेओन्स यांच्यासाठी मात्र कोणताही रकाना नव्हता. एकाच दारावर दोघांनी थाप मारली होती आणि त्या दोघांमुळे आपण जिवंत आहोत, हे रूट यांच्यासारख्यांना ठाऊक होते.

रूट यांचा स्वभाव गप्प बसण्याचा नव्हता. नेदरलँड्स सरकारने जानेवारी 1989 मध्ये ब्रेडाच्या तुरुंगातील शेवटच्या दोन जर्मन युद्धगुन्हेगारांची सुटका केली, तेव्हा त्या निर्णयाच्या निषेधार्थ रूट यांनी इस्रायलमधील डच दूतावासासमोर मारल्या गेलेल्या डच ज्यूंची नावे एकेक करून वाचण्याचा कार्यक्रम घडवून आणला. त्यातूनच ‘प्रत्येक माणसाला एक नाव आहे’ हा नामवाचनाचा विधी रूढ झाला आणि आज तो इस्रायलच्या संसदेपासून जगभरच्या ज्यू वस्त्यांपर्यंत दरवर्षी होतो. सुटका झालेल्या त्या दोघांपैकी एक होता फर्डिनांड आउस देर फ्युन्टन, म्हणजे ज्याच्या डोळ्यांत धूळ फेकून झ्युसकिंट मुले काढत होते तोच. मारल्या गेलेल्यांची नावे वाचण्यासाठी ज्याने माणसे जमवली त्याच रूट यांनी 2000 साली, वाचवणाऱ्या ज्यूंची नावे पुढे आणण्यासाठी हयात असलेल्या इतरांना घेऊन एक समिती स्थापन केली.

सेवासंस्थेचा वारसा

समितीला जोड मिळाली ती ब्नाय ब्रिथच्या जेरुसलेममधील जागतिक केंद्राची. ब्नाय ब्रिथ म्हणजे ‘कराराची लेकरे’. करार हा शब्द इथे मराठी बायबलात येतो त्या अर्थाने घ्यायचा. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात 13 ऑक्टोबर 1843 रोजी हेन्री जोन्स यांच्या पुढाकाराने बारा जर्मन ज्यू स्थलांतरितांनी एका कॉफीगृहात बसून ही संस्था काढली. तिचे पहिले ठोस काम अगदी हिशेबी होते. सभासद वारला, तर त्याच्या विधवेला अंत्यविधीसाठी 30 डॉलर, पुढे तहहयात आठवड्याला एक डॉलर, मुलांना भत्ता आणि मुलग्यांना एखादा धंदा शिकवण्याची हमी. भिशी, मयत फंड, ज्ञातीचे वसतिगृह या परंपरा माहीत असलेल्या मराठी माणसाला या संस्थेची जातकुळी चटकन ओळखता येईल. जर्मनीतही तिच्या शाखा मोठ्या होत्या आणि रब्बी लेओ बेक हे तिथले अध्यक्ष होते. 1937 साली नाझी राजवटीने त्या बंद करून मालमत्ता जप्त केली.

या पार्श्वभूमीमुळेच हे काम या संस्थेकडे येणे मला समर्पक वाटते. आपसांतील मदत हे कर्तव्य आहे आणि म्हणून तिचा गौरव करण्याची गरज नाही, हा युक्तिवाद जर कोणाला लागू पडायचा असेल, तर तो आपसांतील मदतीसाठीच जन्मलेल्या संस्थेला सर्वांत आधी लागू पडला असता. तिने मात्र उलट निष्कर्ष काढला. कर्तव्य सर्वांवरच होते. ते सर्वांनी पार पाडले नाही आणि सर्वांना ते शक्यही नव्हते. ज्यांनी प्राणांची किंमत देऊन ते केले त्यांची नोंद राहिली पाहिजे. 2002 पासून ब्नाय ब्रिथचे केंद्र आणि ज्यू राष्ट्रीय निधी ही वनीकरण करणारी संस्था मिळून स्मृतिदिनी ज्यू बचावकर्त्यांसाठी खास समारंभ भरवू लागल्या, आणि 2011 मध्ये केंद्र व रूट यांची समिती यांनी मिळून ‘ज्यू बचावकर्ता सन्मानपत्र’ सुरू केले. तेव्हापासून पाचशेंहून अधिक जणांना ते देण्यात आले असून त्यांतील बहुसंख्य सन्मान मरणोत्तर आहेत. मानकरी नेदरलँड्स, फ्रान्स, हंगेरी, जर्मनी, ग्रीस, स्लोव्हाकिया अशा अनेक देशांतले आहेत.

जोड्या

या कामाची निकड कोणत्याही तात्त्विक चर्चेपेक्षा काही जोड्या शेजारी ठेवल्याने अधिक स्पष्ट होते.

बुडापेस्टमध्ये फ्रीड्रिख बोर्न हे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे स्विस प्रतिनिधी होते. 1944 च्या शरद ऋतूत त्यांनी आपल्या कार्यालयाचा ‘अ’ विभाग ओट्टो कोमोय यांच्याकडे सोपवला. कोमोय हे पेशाने अभियंते, पहिल्या महायुद्धात पदक मिळवलेले अधिकारी आणि ज्या बचाव समितीत कास्टनर होते तिचे अध्यक्ष. रेडक्रॉसची पाटी बोर्न यांची, आणि त्या पाटीमागे घरे भाड्याने घेणे, धान्य व कोळसा मिळवणे, माणसे नेमणे, हजारो मुलांना त्या घरांमध्ये सामावणे हे काम कोमोय व झिओनवादी, म्हणजे ज्यूंचे स्वतंत्र राष्ट्र व्हावे या मताचे, तरुण यांचे. 1 जानेवारी 1945 रोजी अ‍ॅरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाच्या लोकांनी कोमोय यांना नेले आणि ठार मारले. शहराची पेस्ट ही बाजू सोव्हिएत सैन्याच्या हाती येण्यास अवघे काही दिवस उरले होते. बोर्न यांना 1987 मध्ये पुण्यवंतांची पदवी मिळाली. कोमोय यांच्या हिब्रू नावावरून इस्रायलमध्ये याद नातान नावाची एक शेतकरी वसाहत आहे, पण तिच्या नावामागचा माणूस कोण हे वसाहतीबाहेर फारसे कोणाला सांगता आले नसते. 2014 चा स्मृतिदिन समारंभ ब्नाय ब्रिथने कोमोय यांना वाहिला.

फ्रान्स व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील आन्मास या गावाचे महापौर ज्याँ देफो यांना 1960 च्या दशकात पदवी मिळाली. त्यांच्या गावच्या तुरुंगात 31 मे 1944 च्या रात्री मारियान कोन ही 21 वर्षांची ज्यू तरुणी आणि ती सीमेपार नेत असलेली अठ्ठावीस मुले येऊन पडली होती. देफो यांनी खटपट करून लहानग्यांना तुरुंगाबाहेर काढले आणि मारियानच्या सुटकेचा बेतही पुढे ठेवला. आपण पळालो, तर मागे राहिलेल्या मुलांवर त्याचा सूड उगवला जाईल, असे म्हणून तिने नकार दिला. जुलैच्या सुरुवातीला तिला तुरुंगातून नेऊन ठार मारण्यात आले. सर्व मुले वाचली. ‘बिगर-ज्यूला पर्याय होता, ज्यूला नव्हता’ या सूत्रावर हे एक उदाहरण पुरेसे आहे, कारण मारियानपुढे पर्याय होता आणि तो महापौरांनी हातात आणून दिला होता.

त्याच सीमेवर काम केलेले जॉर्ज ल्वँजे मात्र युद्धातून वाचले. स्ट्रासबुर्गचे हे व्यायामशिक्षक 1940 मध्ये जर्मनांचे युद्धकैदी झाले होते आणि छावणीतून निसटून परत आले होते. मुलांच्या मदतीसाठी काम करणाऱ्या ओएसई या ज्यू संस्थेसाठी त्यांनी किमान 350 मुले स्वित्झर्लंडमध्ये पोचवली. त्यांची एक युक्ती खास व्यायामशिक्षकाची होती. सीमेलगतच्या मैदानावर मुलांचा खेळ लावायचा, खेळता खेळता चेंडू कुंपणापलीकडे टाकायचा आणि तो आणायला धावलेल्या मुलांनी परत यायचे नाही. पहारेकऱ्याला दिसायचा तो शाळेच्या सहलीतला खेळ. ब्नाय ब्रिथच्या सन्मानपत्राचे जे थोडे मानकरी ते स्वतःच्या हातांनी घेऊ शकले त्यांत ल्वँजे होते.

आक्षेपांचे वजन

या सन्मानावर घेता येण्याजोगे आक्षेप बाजूला सारण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप कसोटीचा. ज्याच्यावर मृत्यूची टांगती तलवार आधीच आहे त्याने ‘जीव धोक्यात घातला’ याचा अर्थ काय लावायचा? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर वाढीव धोक्यात शोधावे लागते: स्वतः लपून किंवा निसटून राहणे शक्य असताना माणूस दुसऱ्यासाठी उघड्यावर आला का, हे पाहावे लागते. लेओन्स, मारियान कोन आणि ल्वँजे यांच्या बाबतीत ते स्वच्छ दिसते. स्वतःच्या भावंडांना वाचवणाऱ्या, किंवा छावणीत भाकरीचा तुकडा वाटून घेणाऱ्या असंख्यांच्या बाबतीत ते इतके स्वच्छ दिसणार नाही, आणि त्यांना वगळताना कोणालाही अवघडल्यासारखेच होईल. वाचलेल्यांमध्ये अशी उतरंड निर्माण होऊ नये, ही सन्मानाला नाखूश असलेल्यांची भीती त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप झ्युसकिंट यांच्यासारख्यांबाबत आहे. ज्या नाट्यगृहातून सहाशे मुले निसटली त्याच नाट्यगृहातून हजारो माणसे त्यांच्याच देखरेखीखाली छावणीकडे गेली, आणि त्या काळात अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यूंपैकी पुष्कळांना ते जर्मनांचे हस्तकच वाटत होते. पिमेंटेल यांच्यानंतर पाळणाघर सांभाळणाऱ्या विरी कोहेन या ज्यू परिषदेच्या सहअध्यक्षांच्या कन्या होत्या. हे धागे असे एकमेकांत गुंतलेले आहेत. इथे सन्मानपत्राची मर्यादा तिच्या उपयोगाची ठरते, असे मला वाटते. सरकारी आयोगाची पदवी ही जवळजवळ न्यायनिवाड्यासारखी असते, आणि मृत माणसाच्या संपूर्ण वर्तनाचा निवाडा करायला बसले तर कास्टनर प्रकरणाची पुनरावृत्ती टळणार नाही. सेवासंस्थेच्या कागदाला असे वजन नाही. तो एका कृत्याची नोंद घेतो आणि थांबतो.

तिसरा आक्षेप अगदी व्यवहारातला आहे. सन्मान सुरू व्हायला 2011 साल उजाडले, तोवर साक्षीदार नव्वदीत गेले होते किंवा निवर्तले होते. भूमिगत काम करणारे कागद मागे ठेवत नसत. डाउवेस यांनी रोजनिशी लिहून ती काचेच्या बरण्यांतून जमिनीत पुरून ठेवली हा अपवाद. त्यामुळे ज्यांच्या संघटना होत्या, ज्यांची मुले-नातवंडे चिकाटीची होती, त्यांची नावे लवकर पुढे येतात. पूर्व युरोपातल्या एखाद्या खेड्यात जंगलाची वाट दाखवणाऱ्या एकट्या माणसाचे नाव येत नाही, कारण त्याने वाचवलेलेही पुढे वाचले नाहीत. या उणिवेवर कोणत्याही समितीकडे उपाय नाही, आणि तसा दावा कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.

क्सालोनजवळचे वन

जेरुसलेमच्या पश्चिमेच्या डोंगरउतारावर, क्सालोन या वसाहतीजवळ हुतात्म्यांचे वन आहे. मारल्या गेलेल्या साठ लाख माणसांच्या स्मरणार्थ तिथे साठ लाख झाडे लावण्याचा संकल्प 1951 मध्ये सोडला गेला. त्यात मुख्यतः पाइन आणि सायप्रस आहेत. वनाच्या माथ्यावर शिल्पकार नाथान रापोपोर्ट यांचे ‘अग्नीची गुंडाळी’ हे 1971 सालचे काशाचे शिल्प आहे. तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या दोन गुंडाळ्यांच्या आकाराच्या या शिल्पाची उंची आठ मीटर असून एका गुंडाळीवर संहार आणि दुसरीवर पुनरुत्थान कोरलेले आहे. स्मृतिदिनी सकाळी दहा वाजता देशभर भोंगा होतो, रस्त्यावरच्या मोटारीदेखील दोन मिनिटे थांबतात, आणि त्याच सकाळी या शिल्पासमोरच्या चौकात ब्नाय ब्रिथचा समारंभ होतो. मानवंदनेला सीमा पोलिस दलाचे प्रशिक्षणार्थी असतात आणि श्रोत्यांत शाळकरी विद्यार्थी. ज्या वयाच्या मुली पिमेंटेल यांच्या हाताखाली ट्रामची वाट पाहत दारात उभ्या राहत त्याच वयाची ही मुले-मुली.

याद वाशेमने आपल्या पदवीचा नियम बदललेला नाही आणि कायद्याचे शब्द पाहता तो बदलण्याची अपेक्षा करणेही कदाचित गैर ठरेल. प्लांटाझे मिडनलानवर मार्च 2024 मध्ये नेदरलँड्सचे राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय उघडले, ते फान हुल्स्ट यांच्या त्या अध्यापक विद्यालयाच्या इमारतीत. समोरचे नाट्यगृह स्मारक म्हणून त्याला जोडलेले आहे. फान हुल्स्ट ते पाहायला नव्हते. 22 मार्च 2018 रोजी, वयाच्या 107 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या 28 डिसेंबरला, 108 वर्षांचे जॉर्ज ल्वँजे पॅरिसमध्ये वारले. पहिल्यांच्या कागदपत्रांत इस्रायल राष्ट्राचे पदक होते, दुसऱ्यांच्या कागदपत्रांत कराराच्या लेकरांचे सन्मानपत्र.